शेवटचे रीळ

विशालाक्षीबाईंना मद्रासमधल्या अड्यारच्या एका शाळेत शिवण शिकवण्याची नोकरी चालून आली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या यजमानांना, हंबीररावांना, जपानी बायकांचा फारच उमाळा येऊ लागला.

"काय त्या बायका!" पानावर बसल्या बसल्या ते सुरू होत. "नवरा आला की गुडघ्यावर बसून चहा देणार. दोनी हातांनी! तोंडातून अक्षर नाही."

"सांबार वाढूं का?" विशालाक्षीबाई विचारत.

हंबीरराव रेल्वेत हेडक्लार्क आणि मद्रासच्या एका फिल्म सोसायटीचे जुने सभासद. काळेपांढरे जपानी चित्रपट हा त्यांचा खास प्रांत. फक्त एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. घरी वेलचेरीला जाणारी शेवटची बस चुकू नये म्हणून शेवटचे रीळ लागले की ते अंधारात हळूच सटकत. चर्चेत कुणी शेवटाबद्दल विचारलेच, तर "शेवटात काय असतंय? सगळं आधीच्या शांततेत," असे म्हणून वेळ मारून नेत, आणि लोक माना डोलवत.

घरात मात्र नोकरीचा विषय मिटेना. सकाळची कॉफी हातात कोण देणार, एवढीच खरी भीती होती, पण ती बोलून दाखवायची कशी? शेवटी त्यांनी हुकमाचे पान काढले. त्यांचा सर्वांत लाडका जपानी चित्रपट सोसायटीकडे पुन्हा येत होता. सेक्रेटरी रामस्वामींच्या मागे लागून त्यांनी खास बायकांसाठी रविवार दुपारचा खेळ ठरवला. "बायकांस घेऊन या, सुधारतील," असे ऑफिसातल्या सगळ्या मराठी मंडळींना बजावले.

हॉल भरला. गर्दी पाहून हंबीररावांना चेव आला आणि प्रास्ताविकात ते बोलून गेले, "ही बाई पडद्यावर जे करील, ते माझ्या घरी झालं, तर मी स्वतःला भाग्यवान समजेन!"

विशालाक्षीबाईंनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर नायिका वाकत होती, चहा ओतत होती, नवऱ्याचा कोट झटकत होती. हंबीरराव दर वाकण्याला बायकोकडे बघत होते. दुपार असल्यामुळे बसची घाई नव्हती. शेवटचे रीळ लागले, तरी ते प्रथमच खुर्चीत बसून राहिले.

नायिकेने नवऱ्यापुढे चहा ठेवला, जमिनीला कपाळ टेकवले, बोचके उचलले आणि दार सरकवून ती सरळ गिरणीत कामाला निघून गेली. नवरा चहाकडे बघत बसला. दिवे लागले. बायकांनी हॉल डोक्यावर घेतला.

"हा... हा शेवट?" हंबीरराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"म्हणजे काय?" रामस्वामी चकित झाले. "तुमचाच लाडका चित्रपट ना?"

बाहेर ऑफिसातले मानाजी त्यांना गाठायलाच उभे होते. "अरे हंबीर, आमची ही टायपिंग शिकतो म्हणते! काय दाखवलंस रे हे?"

घरी येईपर्यंत विशालाक्षीबाई गप्पच होत्या. त्यांच्या त्या शांततेची मात्र हंबीररावांना प्रथमच धास्ती वाटली.

सोमवारी सकाळी विशालाक्षीबाई नवी कांजीवरम नेसून आल्या. गुडघ्यावर बसल्या. दोन्ही हातांनी कॉफीचा टंबलर पुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला. क्षणभर हंबीररावांचा जीव भांड्यात पडला.

मग विशालाक्षीबाईंनी शिवणाची पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि दारातून वळून प्रेमाने म्हणाल्या,

"अहो भाग्यवान, कॉफी निवते की!"