नानांचा चुकलेला सरमाइज

जळगावच्या कचेरीतले आमचे अव्वल कारकून नाना "मला वाटतं" असं कधी म्हणत नसत. ते म्हणत, "आय सरमाइज." शिपायाच्या वहाणांना चिखल दिसला की नानांचा सरमाइज, गडी मेहरूणच्या तळ्यावर जाऊन आला. आणि गडी खरंच तिथून आलेला असे.

मी नवा कारकून. डिक्शनरीत पाहिलं, तर सरमाइज म्हणजे अंदाज करणे. गेस म्हणजे? तेही अंदाज करणे. नानांना विचारलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "गेस खुर्चीत बसून होतो. सरमाइजला वहाणा झिजवाव्या लागतात." म्हणजे हा शब्द डोक्याने वापरायचा की पायांनी, हे मला कळेना.

त्या वर्षी असोदा गावाची आणेवारी नानांनी माझ्यावर सोपवली. शेतं फिरायची आणि पीक सोळा आण्यांत किती आलं ते नजरेनं ठरवायचं; आणे कमी भरले तर गावाला साऱ्यात सूट. मी शेत न पाहताच दहा आणे लिहिलं. नानांनी विश्वासाने सही केली.

पंधरवड्याने असोद्याचे एक आबा कपाशीची लाल पडलेली झाडं काखेत घेऊन आले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, "बठ्ठी कपाशी अशीच शे. यामां दहा आणा कोठे शेतस, तेवढं दखाडा."

शेतावर कोण गेलं होतं, साहेबांनी विचारलं. मी टाक दौतीत बुडवला. नाना उठले.

"कोणी नाही, साहेब. माझी सही आहे. इट वॉज अ गेस."

स्वतःच्या कामाला तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच लावला. आणेवारी पुन्हा झाली, चार आणे निघाली. नानांची बदली धुळ्याला झाली.

धुळ्याच्या मोटारीपाशी मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर नानांनीच थांबवलं.

"राहू द्या. आणेवारीच्या वेळी आठवडाभर तुमचा डबा नव्हता, सदरा चुरगळलेला. आय सरमाइज, घरी वहिनी आजारी होत्या." मग वळकटीची दोरी उगीचच घट्ट करत म्हणाले, "आमचं कुटुंब गेलं, तेव्हा मी आणेवारीवर होतो. तुम्ही घरी थांबलात, बरं केलंत."

बायको माझी तेव्हा माहेरी होती, ठणठणीत. आणि मी भुसावळला सिनेमा पाहायला गेलो होतो.

मोटार सुटायला चांगला अर्धा तास होता. मी त्यांना पाण्याचा तांब्या भरून आणून दिला.