वारंगा फाट्यावरचं पुणे

रत्नपालनं कुरुंद्यात सगळ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "सातवा मजला! सगळी काच! अन् आत एवढा गारवा की मे महिन्यात स्वेटर लागतं!"

ही इमारत त्यानं पाहिलेली नव्हती. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो तिसऱ्या वर्षाला होता आणि उन्हाळ्याच्या प्रशिक्षणासाठी एका बड्या केबल कंपनीनं त्याला निवडलं होतं, एवढं खरं होतं. कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात होतं, हेही खरं होतं. मधली रिकामी जागा रत्नपालनं स्वतः भरून काढली. इंजिनिअरनं एवढं तरी करावंच.

२००१ साल होतं. त्यांच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेला तो पहिलाच. त्यामुळे विहारात सत्कार झाला. प्रेमानंद गुरुजी एवढं बोलले की लेकरं झोपून उठली तरी भाषण चालूच होतं. वसमतच्या धान्याच्या मोंढ्यात मापाडी असलेल्या बापानं, सटवाजीनं, पोराला चाकाची सुटकेस आणली. कुरुंद्याच्या रस्त्यावर ती चाकं काही चालेनात, म्हणून स्टँडपर्यंत त्यानं ती डोक्यावर नेली. माय, चांगुणा, एवढंच म्हणाली, "पोचला की फोन कर बाबा."

नांदेडात कंपनीचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि एक पंखा. पंखा साहेबाच्या डोक्यावर होता. साहेबानं मान वर न करता सांगितलं, "साइटवर जा. हायवेच्या कडेनं फायबरची केबल टाकणं चालू आहे. वारंगा फाटा."

"सर, पुणे?"

"पुण्यात सगळी केबल टाकून झाली."

वारंगा फाटा! कुरुंद्यात कोंबडं आरवलं तर फाट्यावर जाग यावी, इतकं जवळ! गावी परत जावं, तर सत्काराचा हार अजून सुकला नव्हता. रत्नपालनं शांतपणे विचार केला आणि ठरवलं, उन्हाळाभर पुण्यातच राहायचं. फक्त मुक्काम वारंगा फाट्यावर.

लपायला याहून वाईट जागा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नसेल. नांदेडची गाडी इथं थांबते, हिंगोलीची थांबते, उमरखेडची थांबते. माणूस लग्नाला निघालेला असो की मातीला, फाट्यावरची खिचडी खाल्ल्याशिवाय पुढं सरकत नाही. रत्नपालचे निम्मे नातेवाईक आठवड्यातून एकदा तरी इथं हात धुताना दिसत.

कंपनीनं पिवळं हेल्मेट दिलं. काळा गॉगल त्यानं स्वतः घेतला. तोंडाला दस्ती बांधली. धूळ होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. आणि बोलायचं फक्त हिंदीत. कुणी काही विचारलं की उत्तर एकच : "काम चालू है."

काम म्हणजे लाल झेंडी धरणं. खोदायचं मशीन टेलिफोनच्या जुन्या केबलजवळ आलं की झेंडी वर करायची. झेंडी वर तोवर मशीन बंद. मजूर हातानं माती काढणार. झेंडी खाली आली की मशीन पुन्हा सुरू. सुपरवायझर रामसिंगनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ये झंडी ही तेरी इंजिनीयरिंग है. समझा?"

संध्याकाळी रत्नपालनं फाट्यावरच्या बूथवरून गावातल्या सरिताताईच्या दुकानात फोन लावला. मायला बोलावून आणेपर्यंत त्यानं घसा साफ केला.

"कुठं हायेस रं?"

"सातव्या मजल्यावर, माय!"

तेवढ्यात मागं एक एसटी येऊन थांबली आणि कंडक्टर दारातून ओरडला, "फाटा! वारंगा फाटा! खिचडी खाणारायनं बिगीनं खावा! गाडी कुनाच्या बापासाठी थांबणार न्हाई!"

रत्नपालनं रिसीव्हर छातीशी धरला. तो आवाज त्याच्या मामाचा होता. हरिचंदमामा, वसमत आगार.

"येवढा कल्ला काहून होऊन राहिला?" मायनं विचारलं.

"कॅन्टीन आहे. जेवणाची सुट्टी झाली."

"काय भेटतं कॅन्टीनात?"

रत्नपालच्या डोक्यात त्या घडीला एकच पदार्थ होता. "खिचडी."

माय म्हणाली, "बराबर. पोटभर खा. उन्हात हिंडू नको."

"ऊन कुठलं, माय! स्वेटर घालून बसलोय!" तो म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसला.

मग रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. रोज सातवा मजला थोडा थोडा सजत गेला. लिफ्ट आली, गालिचा आला, एक दिवस कारंजंसुद्धा आलं. फोन ठेवला की गावात बातमी फिरे. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग वऱ्हाड आलं.

त्या दिवशी मशीन जुन्या केबलच्या तोंडाशी उभं होतं आणि रत्नपालनं झेंडी वर धरली होती. तेवढ्यात कुरुंद्याहून निघालेली एसटी आली. लाल झेंडी पाहून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. झेंडी मशीनला होती, एसटीला नव्हती. पण हे कुणी कुणाला सांगायचं? गाडीत वऱ्हाड होतं, ते उतरलंच. पुढं प्रेमानंद गुरुजी, मागं सरिताताई, आणि सगळ्यांच्या पुढं हरिचंदमामा, कमरेला तिकिटाची पेटी.

"साब, गाडी काहेकू रोके?"

"काम चालू है," रत्नपाल दस्तीतून म्हणाला.

मामानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हमारा भांजा बी तुमारीच कंपनी में है ना! पुने में! सातवे माले पे!"

"आमच्या गावचं पोरगं हाये!" सरिताताई पुढं झाली. "तिथं कारंजं हाये म्हणं, व्हय का वो सायेब?"

"काम चालू है."

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, आमच्या मुलाबद्दल वरच्यांना दोन शब्द सांगा. गरिबीतून वर आलेला मुलगा आहे."

"लडका कैसा है?" रत्नपालच्या तोंडून निघून गेलं. स्वतःविषयी चांगलं ऐकायचा मोह कुणाला सुटला आहे!

"एक नंबर!" मामा म्हणाला. "खाली एक बात है. झूट बोलना उसकू आताच न्हाई."

रत्नपालला तिथल्या तिथं घाम फुटला. सरिताताईच्या नजरेतून तो सुटला नाही. "अगं माय, सायबाला चक्कर येऊन राहिली! पाणी आणा! दस्ती सोडा त्यायची!"

चारी बाजूंनी हात पुढं आले. एकानं गॉगलला हात घातला, एकीनं दस्तीची गाठ धरली. रत्नपालनं एका हातानं दस्ती धरली, दुसऱ्यानं गॉगल धरला.

झेंडी धरायला तिसरा हात त्याला नव्हता.

मशीन सुरू झालं. कापडाचं ठाण फाटावं तसा आवाज आला. "झंडी!" म्हणत रामसिंग धावत येईपर्यंत जुन्या केबलचे दोन तुकडे झाले होते आणि फाट्यापासून कुरुंद्यापर्यंतचे सगळे फोन मुके झाले होते. रामसिंग जे बोलला ते छापण्याजोगं नाही. वऱ्हाड मात्र खूश होऊन गेलं. एवढ्या मोठ्या साहेबाला शिव्या बसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आता घरी फोन करायची सोय उरली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मामाची गाडी थांबली. मामा खिडकीतून म्हणाला, "साब, गांव का फोन बंद है, पुने से भांजे की खबर नहीं. गांव में सब परेशान. हमारे दाजी कल पुने निकल रहे."

त्या रात्री रत्नपालला झोप आली नाही. बाप मोंढ्यातलं काम बुडवून पुण्याला जाणार, नसलेली इमारत शोधणार, भेटेल त्याला सातवा मजला विचारणार! पुण्यातली माणसं काय उत्तर देतील, याची त्याला नीट कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी सटवाजी खरोखरच फाट्यावर उतरला. अंगात सत्काराच्या दिवशीचा सदरा, हातात डबा. पुण्याची गाडी लागते तिथं जाऊन उभा राहिला.

रत्नपाल झेंडी घेऊन तसाच त्याच्यासमोर गेला. हेल्मेट काढलं, गॉगल काढला, दस्ती सोडली.

"बाबा, पुण्याला जाऊ नका. मी इथंच आहे."

सटवाजीनं त्याच्याकडं पाहिलं आणि डबा पुढं केला. "घे. मायनं पुण्याला पाठवलाय. भाकर गरम हाये अजून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच फोनात तिनं भावाचा आवाज वळखला. मला म्हणली, आमचा हरिचंद कवाधरनं पुण्यात गाड्या सोडून राहिला?"

रत्नपालला एकदम सुचलं, "अन् सगळ्या गावाला माहीत आहे?"

"गावाला कसं सांगावं! कारंजं लागलंय तिथं! फोन बंद पडला तसे समदे माझ्या मागं लागले, जा म्हणून. काल गुरुजी हार घेऊन आले. मी काय वारंग्याला जातो म्हणू?" सटवाजीनं इकडंतिकडं पाहिलं. "दोन दिस पुण्यात राहणं भाग हाये आता. तुझी खोली कुठशीक हाये?"

तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. कुरुंद्याची!

"टोपी घाल!" सटवाजी ओरडला. स्वतःची दस्ती त्यानं डोळ्यांपर्यंत ओढली आणि पोराच्या हातातली झेंडी हिसकून घेतली.

गाडी शेजारी येऊन थांबली. दारात हरिचंदमामा. त्यानं आधी एक दस्ती पाहिली, मग दुसरी पाहिली.

"क्या साब, कंपनी ने नवा आदमी भरती किया क्या?"

सटवाजी आयुष्यात कधी हिंदीचा शब्द बोलला नव्हता. त्यानं झेंडी आणखी वर केली.

"काम चालू है!"