कचरूदादाचा कम्प्युटरमधला वॉचमन

आमचा शेजारी कचरूदादा कम्प्युटरला सलाम ठोकतो. बसल्या बसल्या नाय, उठून, टाच आपटून.

मी चौथीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेलेला माणूस, पण मशीन सलाम घेत नसतं एवढं मलाही कळतं. दादाला कोण सांगणार? चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेटवर उभं राहून म्हातारा झाला. "डूटी म्हंजी डूटी, बाबुराव," हे त्याचं कशालाही उत्तर. भाजी खारट झाली तरी हेच.

नातू नोकरीला पुण्याला गेला आणि जुना कम्प्युटर पडेगावात आजोबाकडं राहिला. दादा त्यावर भीमगीतं ऐकायचा. एकदा गाण्याच्या मधीच लाल चौकट आली. 'डेंजर'. कंपनीतल्या विजेच्या डब्यावर तेच लिहिलेलं असायचं, म्हणून तेवढं इंग्रजी त्याला वाचता यायचं. गडी काठी घेऊन घराला फेरी मारून आला. संडासाचीही कडी तपासली!

मग औरंगपुऱ्यातल्या नेटवाल्याला घरी आणलं, त्यानं वाचून दाखवलं : आत कुणी घुसलंय, पैसे भरा, आम्ही राखण करतो. दादानं त्याच्याच दुकानात जाऊन भरले. चौकट हिरवी झाली.

"आपलाच भाऊबंद हाय," म्हणला. "राखणदाराला पगार नको व्हय?"

तेव्हापासून सलाम. पण थोड्या दिवसांनी चौकट पुन्हा लाल. पुन्हा पैसे. पेन्शन आली की तिकडंच जायची आणि घरात चहा बिनदुधाचा. शेवटी मी बँकेतल्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, आत कुणी नाही. बोंब मारतोय तोच चोर."

मी तणतणत गेलो. "अरं येड्या, लुटतंय ते तुला!"

"ठावं हाय."

"ठावं हाय? मंग भरतो कशाला?"

मी वायर उपटायला हात घातला, तर त्यानं माझं मनगट धरलं. लई घट्ट.

"नामांतराच्या दंगलीत मी गेटवर व्हतो, बाबुराव. सायबाचं लोखंड राखत व्हतो. आमची वस्ती पेटवायचं आदल्या दिवशीच ठरलं व्हतं. सगळ्या गावाला म्हाईत. येक माणूस सांगाया आला नाय." मग हळू म्हणाला, "आई आतच व्हती."

मी वायर सोडली.

"ह्यो खोटंच सांगतो, कबूल. पण सांगतो तरी."

चौकट लालच होती. दादानं चपला घातल्या. औरंगपुऱ्याची रिक्षा मीच हात करून थांबवली.