तीनशे किलोचं मार्जिन

वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या वजनकाट्यावर मी बसतो. गेटातून ट्रक आत येताना नुसते टायर बघून मी वजन सांगतो, काटा नंतर माझ्या म्हणण्याला दुजोरा देतो! म्हणून करुणाताईची रसवंती आमच्या गावाहून, लोणी भापकरहून, लोणी देवकरला न्यायची ठरली, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की यात कुणी बोलायचं नाही, ही लाईन माझी आहे.

करुणाताई माझी मोठी बहीण. आमच्याच कंपनीत पॅकिंगला होती. ती नोकरी सोडून तिनं गेटसमोर रसवंती टाकायची ठरवली. चाकांच्या ट्रॉलीवर ओतीव लोखंडाचा चरक, डिझेल इंजिन आणि वर पत्र्याचं छप्पर, असा थाट होता. शनिवारी दुपारी तीनला पहिली पाळी सुटली की उद्घाटन. तिच्याबरोबर काम केलेल्या सगळ्या बायका येणार होत्या. "महिन्याभरात परत येशील पॅकिंगला," असं म्हणालेला सुपरवायझरही येणार होता. काहीही करून तीन वाजता त्या माणसाच्या हातात रसाचा गार ग्लास द्यायचा, एवढंच ताईच्या डोक्यात होतं. उद्घाटन हे निमित्त.

"ट्रॅक्टर सांगू का कुनाचा?" आमचे वडील, बाजीरावतात्या, निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले.

"कशाला? माझी पिकअप दीड टन ओढती. ट्रॉली भरली बाराशे किलो, बारामतीच्या काट्यावर तोलून आणलीय. तीनशे किलोचं मार्जिन हाय, तात्या."

"मार्जिन म्हंजी?"

"म्हंजी तुमी पुढं बसला तरी चालंल."

तात्या ताबडतोब तयार झाले.

शनिवारी सकाळी मी, ताई आणि तात्या पुढं बसून निघालो. ट्रॉली मागून इतकी शहाण्यासारखी येत होती की बारामतीत प्रत्येक सिग्नलला मी आरशात बघून तिचं कौतुक करून घेतलं. निमगाव केतकी जवळ आलं तेव्हा ताईनं सहज विचारलं, "रवी, ऊस कुठनं घ्यायचा?"

माझा पाय आपोआप सैल झाला. वजनात चरक धरला होता, इंजिन धरलं होतं. ग्लास, बर्फाची पेटी, लिंबं, तात्या, सगळं धरलं होतं. ऊस धरला नव्हता! तुम्ही हसाल, पण आमच्या भागात ऊस ही मोजायची वस्तूच नाही हो. तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभाच असतो, हवेसारखा.

"ठमाआत्या हाय की वाटंवर," तात्या म्हणाले. "तिच्याकडनं दोन मोळ्या घिऊ."

दोन मोळ्या म्हणजे कितीसं वजन! मार्जिन शाबूत होतं.

ठमाआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. दोन मोळ्या हे शब्द ऐकून तिनं कमरेवर हात ठेवले.

"दोन? भाचीच्या धंद्याचा पैला ऊस आत्याचा, आन त्यो दोन मोळ्या? लोकं काय म्हनत्याल, ठमीच्या रानाला आग लागली व्हती का?"

"आत्या, गाडीचं मार्जिन..."

"तुझ्या गाडीला म्हनावं, गप उभी ऱ्हा."

आत्यानं दिलेलं नको म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. नको म्हणालं की ती दुप्पट देते. तिच्या रानात तोड चालूच होती, त्यामुळं बघता बघता मोळ्यांवर मोळ्या चढल्या. चरक ट्रॉलीच्या मागच्या टोकाला होता, म्हणून सगळा ऊस पुढं, हुकाच्या अंगाला रचला. मग "तितं पानी मिळंल का न्हाय" म्हणून एक भरलेला ड्रम आला. शेवटी आत्या आणि तिच्या दोन जावा नव्या साड्या नेसून पिकअपच्या हौद्यात बसल्या. उद्घाटनाला त्या नकोत का?

मी टायरांकडं बघितलं. टायरांनी मला जे सांगितलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढं कालव्याच्या पुलाचा चढ लागला. चढाच्या मध्यावर इंजिनचा आवाज खोल गेला आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. मला आधी बरंच वाटलं.

"रवी," तात्या शांतपणे म्हणाले, "मगाशी मला पूल दिसत व्हता. आता निस्तं आभाळ दिसतंय."

सगळा बोजा हुकावर आणि हौद्यात पडल्यामुळं पिकअपची पुढची दोन्ही चाकं रस्ता सोडून वर गेली होती! मी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं, गाडीला पत्ताच नाही. ताई खाली उतरली, तिनं चाकांमागं दगड लावले आणि घड्याळ बघितलं.

"पुढं वजन टाका," तात्यांनी सुचवलं. आत्यानं पदर खोचला आणि बॉनेटवर जाऊन बसली. मागोमाग दोघी जावा. चाकं टेकली.

"चल आता," आत्या म्हणाली.

"आत्या, रस्ता दिसत न्हाय. तुझी पाठ दिसती."

"मी सांगते की. घी डावीकडं."

गाडी हातभर पुढं गेली, क्लच जळाल्याचा वास आला आणि आम्ही पुन्हा थांबलो. मागं रांग लागली होती. सगळ्यात पुढं मानसिंग नावाच्या तरुणाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरून घरचा ऊस घेऊन कारखान्याकडं निघालेला. त्याच्यामागं आमच्याच कंपनीची बस, दुसऱ्या पाळीचे कामगार घेऊन. सगळे हॉर्न मारत होते.

"वजन कमी करायला पायजे," मी म्हणालो.

"माझा ऊस रस्त्यावर टाकतोस व्हय?" आत्या बॉनेटवरून गरजली.

तेवढ्यात मला सुचलं. "टाकायचा न्हाय, आत्या. प्यायचा!"

माझी हुशारी मलाच सोसवेना. चरक तिथंच, चढावरच चालू केला. पैसे घेत बसलो तर सुट्ट्यांच्या नादात वेळ जाईल, म्हणून मी फुकट वाटायचं फर्मान काढलं. ताईनं माझ्याकडं एकदा बघितलं, पण वेळ जात होता, तिनं ऊस घालायला सुरुवात केली. मग काय विचारता! अख्खी बस खाली उतरली. ड्रायव्हर प्याला. आत्या बॉनेटवर बसल्या बसल्या लिंबं पिळत होती. मी चिपाडांचे ढीग बघून "वीस किलो गेले, चाळीस गेले" असं ओरडत होतो. मानसिंग चार ग्लास प्याला.

"तू किती वजन ओढतोस रं?" मी त्याला विचारलं.

"कोन मोजतंय? कारखान्यावर गेलं की कळतंय."

मला त्याची कीव आली.

पिकअप हळूहळू मागून उचलली गेली. चढ तिनं एका दमात पार केला. आत्याला आणि जावांना मी परत हौद्यात बसवलं, इतकं मार्जिन झालं होतं!

तीनला पाच कमी असताना आम्ही गेटसमोर पोचलो. पाळी सुटली. बायका आल्या, सुपरवायझर आला, आत्यानं फीत कापली. ताईनं इंजिन चालू केलं आणि मागं न बघता हात पसरला.

"रवी, ऊस."

मी ट्रॉलीत बघितलं. एक कांडं शिल्लक नव्हतं.

"पहिल्याच दिवशी माल संपला?" सुपरवायझर हसून म्हणाला. तेवढ्यात बसमधल्या एकानं आत जाता जाता ओरडून सांगितलं, "लई भारी रस हाय, आन फुकट हाय!"

ताई मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती रिकामा ग्लास फडक्यानं पुसत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून हॉर्न वाजला. कारखान्याच्या वाटेवरचा मानसिंगचा ट्रॅक्टर आता कुठं पोचत होता. त्यानं आमची तोंडं बघितली, रिकामी ट्रॉली बघितली, खाली उतरून आपल्या ट्रॉलीतली एक मोळी ओढली आणि ताईच्या पुढ्यात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

"चार गिलास प्यायलोय, ताई," तो म्हणाला.

सुपरवायझरच्या हातात ग्लास पडला. त्यानं तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

"रांगेत या, साहेब," ताई म्हणाली.

आता रसवंती जोरात चालते. ऊस मानसिंगच्या ट्रॅक्टरमधून येतो, न मोजता. काल ताईला बारामतीहून पिशवीभर लिंबं पाहिजे होती. मी म्हणालो, "पिकअप काढू का? तिचं मार्जिन आता..."

ताईनं माझ्या हातात पिशवी दिली.

"एसटीनं जा," म्हणाली.