शिशावर हरकत

नळाच्या पाण्यात शिसे सापडले, ही गोष्ट पाणीखात्याने लपवली नाही. खात्याचा कारभार खुला होता. रिवाजाप्रमाणे तपासणीचा निष्कर्ष मसुदा म्हणून फळ्यावर लावण्यात आला आणि त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात आल्या. त्यांचा विचार झाल्यावरच निष्कर्ष कायम होणार होता.

हरकती ऐकण्यासाठी भरलेल्या सभेला न्हावी सगळ्यांच्या आधी पोचला. नातीचे पोट सारखे दुखत होते. तिला नळाचे पाणी द्यावे की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते.

"थांबा काका," खात्याचे साहेब म्हणाले. "तो प्रश्न झाला, हरकत नव्हे. आधी हरकती."

पहिली हरकत दलालाची. शिशामुळे घरांचे भाव पडतील. साहेबांनी ती रास्त ठरवून फळ्यावरचे शिसे निम्म्यावर आणले.

प्रयोगशाळेतल्या बाई ताडकन उठल्या. "साहेब, शिसं पाण्यात आहे, फळ्यावर नाही!"

"ही हरकत लेखी दिलीय का?"

दिली नव्हती. बाई बसल्या.

मग दूधवाला उठला. "पाण्याचं नाव असं खराब केलंत, तर माझं दूध कोण घेणार?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो, हे दूधवाल्याला जरा उशिराच उमगले. हरकत मात्र मान्य झाली. शिसे आणखी उतरले.

"आता उरलं किती?" मागून कोणीतरी ओरडले.

"नावापुरतं."

"मग तेवढं तरी कशाला ठेवता? काढून टाका की!"

ठराव मताला टाकला. भराभर हात वर झाले. न्हाव्याचा हात मांडीवरच होता. शेजारचा सुतार कानाशी लागला, "उद्या दाढीला पाणी लावताना गिऱ्हाईक विचारेल, पाणी कुठलं? दुकान चालवायचंय ना, गड्या?"

न्हाव्याने नातीचा विचार केला, मग दुकानाचा. नातीचे पोटही दुकानावरच होते. हात वर गेला. बाईंचे मत धरले नाही. त्या कर्मचारी होत्या. शिसे एकमताने निरंक झाले.

घरी नात पेला भरून वाट पाहत होती. "आबा, पिऊ ना?"

"पी की. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"मग आधी तुम्ही प्या."

न्हाव्याला तहान नव्हती. त्या दिवशी गल्लीत कोणालाच नव्हती.

नातीने पेला तोंडाला लावला.

या शेवटावर वाचकांची हरकत असल्यास जरूर कळवावी. पुरेशा हरकती आल्यास शेवट गोड करण्यात येईल.