भूमितीच्या झडत्या

या शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी दहावीच्या वर्गासमोरून जाताना मला वाटलं, आत मारामारी लागली आहे. आधी एका माणसाची आरोळी, मग सगळ्या वर्गाची गर्जना. दार ढकलून पाहते तर गणिताचे ढोके सर फळ्यापुढे उभे. एक हात कानावर, दुसऱ्या हातात डस्टर, डोळे मिटलेले, आणि मानेच्या शिरा फुगवून चाललेलं:

"काटकोनात उभा गडी,
पाया आडवा, भिंत खडी,
दोघांचे वर्ग घ्या तोलून,
कर्ण येते हिशेब घेऊन!
हाय का बराबर?"

"बराबर हाय, सर, बराबर हाय!" वर्ग ओरडला आणि खिडकीतली कबुतरं उडून गेली.

मी दार गुपचूप लावून घेतलं. पायथागोरसचं प्रमेय चालू होतं म्हणे.

विदर्भाबाहेरच्या मंडळींना हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमच्याकडे पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की गडी माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचा, यमक जुळवलेला टोमणा. समोरच्या पार्टीला चिमटा, सरपंचाला चिमटा, जावयाला चिमटा, आणि शेवटी सगळ्या गर्दीने मिळून 'हर बोला हर हर महादेव'. वर्षातून एक दिवस. दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागतात. ढोके सर लागत नाहीत. त्यांचा पोळा जूनमध्ये शाळा भरली की सुरू होतो आणि परीक्षेपर्यंत चालतो. वर्गात त्यांनी महादेवाला तेवढी सुट्टी दिली. वर्गात सगळ्या घरची पोरं, देवाला गणितात कायले ओढायचं, असा त्यामागे विचार असावा. म्हणून 'बराबर हाय'.

शाळा मारेगावहून आत, कापसाच्या पट्ट्यात. मी मराठी शिकवते, एसटीने येणं-जाणं करते, आणि माझा स्वभाव जरा तापट आहे हे आधीच सांगून टाकते. माझ्या तासाला पोट्ट्यांना कवितेच्या चार ओळी पाठ होत नाहीत, आणि शेजारच्या वर्गात हीच पोट्टी वर्तुळाची स्पर्शिका यमकात म्हणतात. माझा जळफळाट होणार नाही तर काय होणार?

ढोके सर मूळचे ढाणकीकडचे. पन्नाशीला आलेले, हडकुळे, शर्टाच्या खिशावर कायम खडूची पांढरी भुकटी. गावातच एक खोली घेऊन राहतात. लग्न केलं नाही. दोन-तीन स्थळं पाहिली होती म्हणे, पण मुलीसमोर जाऊन हा माणूस नुसता पोहे खाऊन परत यायचा. मुलीकडच्यांना वाटायचं, मुलगी पसंत नाही. असं हळूहळू ते सगळं बारगळलं.

गंमत म्हणजे सर दोनच प्रकारे बोलत. झडतीत बोलत, नाहीतर बोलतच नसत. स्टाफरूममध्ये विचारा, "सर, उद्या सुट्टी आहे का हो?" सर मान हलवणार. "तास बदलून देता का?" पुन्हा मान. फारच अडलं तर खडू उचलून टेबलावर 'हो' लिहिणार. आणि त्याच स्टाफरूममध्ये शिपाई पातळ चहा घेऊन आला की कानावर हात जाणार:

"पाणी उकळलं, पत्ती रुसली,
म्हैस दुरून पाहून हसली!"

शिपाई आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण सगळ्यात मोठ्याने मी हसले होते.

पोळ्याला तर सरांना आजूबाजूच्या गावांतून बोलावणं. गावातला रस्ता फक्त कागदावर झाला त्या वर्षी त्यांनी सरपंचाच्या जोडीसमोर उभं राहून म्हटलं, "रस्ता झाला कागदावर, गिट्टी चढली माडीवर, बैल पुसे मालकाले, खड्डे कोनं पेरले?" गर्दी लोळली. सरपंच हसल्यासारखं करत होते. मग चार दिवसांनी खड्ड्यांत मुरूम पडला. एवढा जिभेचा धनी माणूस, आणि रस्त्यात भेटला तर नमस्काराला नुसते हात जोडून पुढे जाणार. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा भेटायला आले. सतरंजीवर बसले, तासभर एक शब्द नाही. बरं, जाताना सगळ्यांचे उष्टे कप विसळून पालथे घालून गेले. माझ्या नणंदेने विचारलं, हा केटरिंगवाला आहे का?

मी आपलं ठरवून टाकलं होतं, माणूस भाव खातो. आमच्यासारख्यांशी साधं बोलणं त्याला कमीपणाचं वाटतं.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण यंदा दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत गेले. आम्ही त्यांचे तपासायचे, त्यांनी आमचे. भूमितीच्या पेपरात प्रमेयाची सिद्धता विचारली होती. आमच्या निम्म्या वर्गाने पक्ष, साध्य, सिद्धता वगैरे सोडून सरळ झडती लिहून टाकली. शेवटी 'बराबर हाय, सर, बराबर हाय'. एका महाभागाने तर कंसात सूचना दिली होती: इथे सर्वांनी जोरात म्हणावे. त्या शाळेच्या बाईंनी पेपरांवर लाल शाईत भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून गठ्ठा परत पाठवला.

तो गठ्ठा पडला भोयर सरांच्या हातात. हे आमचे नवीन मुख्याध्यापक. कोणतीही गोष्ट सांगा, त्यांचा एकच प्रश्न, "परिपत्रकात बसते का?" झडती कोणत्याच परिपत्रकात बसत नव्हती. त्यांनी ढोके सरांना सगळ्यांसमोर बोलावलं.

"ढोके सर, शाळा आहे का तोरण आहे हे? बोर्डाच्या परीक्षेत असं लिहिलं तर पोट्ट्यायचं काय होईल? पुढच्या आठवड्यात तपासणीले साहेब येऊन राह्यले. त्यांच्यासमोर एक पाठ घ्यायचा. साध्या भाषेत. झडती नाही, यमक नाही, कानावर हात नाही. जमलं तर दहावी तुमची. नाही जमलं तर दहावी मी घेतो, तुम्ही पाचवीले चित्रकला शिकवा."

भोयर सरांचं चूक नव्हतं, मार्क तर जातच होते. पण ढोके सरांचा चेहरा पांढराफटक पडला. दहावी म्हणजे या माणसाचा जीव. रविवारी शाळा उघडून पोरांना बसवणारा, कोणाच्या घरी अभ्यास होत नाही म्हणून त्याला आपल्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसवणारा. मी वाट पाहत होते की आता कानावर हात जाईल आणि भोयर सरांची चांगलीच झडती निघेल. काही नाही. सरांनी मान हलवली आणि निघून गेले.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात उभे राहून काहीतरी पुटपुटत असायचे. मी म्हटलं, एवढा बाऊ कायले? साधं तर बोलायचं आहे!

साहेब आले. भोयर सरांनी मला वर्गात मागच्या बाकावर बसवलं, सरांची भाषा साधी राहते का ते पाहायला. साहेब खुर्चीत, भोयर सर त्यांच्या बाजूला, पोरं चिडीचूप. ढोके सरांनी फळ्यावर दोन त्रिकोण काढले, वर्गाकडे वळले आणि बोलायला लागले.

"आज आपण स..."

आणि शब्द येईना.

"स... स..."

हनुवटी थरथरायला लागली. डोळे घट्ट मिटले गेले. हातातला खडू मोडून खाली पडला. मला वाटलं, छातीत दुखतंय यांच्या, मी उठून उभी राहिले. तोवर पुन्हा "स... स..." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माय वो माय! हा माणूस अडखळतो. ताल धरला की जीभ मोकळी सुटते, साधं बोलायला गेला की शब्द घशातच अडून बसतो. म्हणून ते पोहे. म्हणून त्या माना. आणि आम्ही त्याला आता नेमकं तेच करायला लावलं होतं.

साहेब मोबाइलमधून मान वर काढणार, एवढ्यात दुसऱ्या बाकावरून सुप्रियाचा आवाज आला.

"बराबर हाय, सर!"

आणि मागोमाग सगळा वर्ग, "बराबर हाय, सर, बराबर हाय!"

अजून काहीच बराबर झालेलं नव्हतं. झालेला होता फक्त 'स'. पण त्या गलक्यात सरांनी श्वास घेतला, आणि गलका ओसरला तेव्हा शब्द बाहेर आलेला होता. "समरूप त्रिकोण."

पुढे सगळा तास तसाच. सर 'प्रमाणात' या शब्दापाशी अडकले, वर्ग गरजला. 'संगत बाजू' अडली, वर्ग गरजला. जिथे सर अडखळत तिथे पोट्टी धावून जात आणि आवाजाखाली सरांना झाकून घेत. सर सुरळीत बोलत होते तेव्हा एक पोरगं तोंड उघडत नव्हतं. यमक नाही, झडती नाही, अगदी साधी भाषा. माझे डोळे भरून आले आणि मी रुमाल विसरलेले होते, तेव्हा पदरच कामी आला.

साहेब खूश. "वा! वर्ग काय जिवंत आहे! ही कोणती पद्धत आहे भोयर सर?"

भोयर सरांनी घाम पुसला. "ज्ञानरचनावाद, साहेब."

"परिपत्रकात आहे ना?"

"हाव साहेब, आहे ना," भोयर सर म्हणाले. साहेबांनी शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त', आणि जेवायला गेले. दहावी ढोके सरांकडेच राहिली. अट एकच, पेपरात सिद्धता रीतसर लिहायची.

मधल्या सुट्टीत मी सुप्रियाला गाठलं. ही पोरगी महाबिलंदर. स्नेहसंमेलनात माझी नक्कल करते, पदर खोचून, नाकावर चष्मा ओढून, हुबेहूब. भोयर सरांची करते, शिपायाची करते, ग्रामसेवकालाही सोडलं नाही.

"काय गं, तुले कधी समजलं सरांचं?"

"आठवीत, मॅडम. सगळ्यायलेच माहीत हाय. सर झडती म्हणता म्हणता बी कधी कधी अटकते ना. मंग आमी जोरात वरडतो. तेवढ्यात सरले दम घेता येते."

"अन् घरी सांगितलं कोणी?"

"कायले सांगाव? लोक हसतीन."

"तू सगळ्यांच्या नकला करते. सरांची नाही केली कधी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. "मॅडम, सरची कायले करू?" म्हणाली आणि नळावर पाणी प्यायला पळाली.

संध्याकाळी मी एसटी स्टॉपवर उभी होते. ढोके सर आले. ते गावातच राहतात, त्यांना एसटीचं काही काम नाही. शेजारी येऊन उभे राहिले. कानावर हात गेला नाही.

"म... म... मॅडम," ते म्हणाले. साधं. पहिल्यांदा.

"बोला सर."

"पो... पोट्ट्यायले... म... माहीत होतं?"

"आठवीपासून, सर."

 सरांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "मले वाटे," ते म्हणाले, आणि बराच वेळ थांबले, "मी ल... लपवून राह्यलो."

"आमच्यापासून लपलंच की. आम्ही शिकलेले लोक ना."

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. "र... र..." आणि नेमकी त्याच वेळी माझी गाडी आली. सरांनी तोंड मिटलं आणि मला चढा म्हणून हात केला, इतक्या वर्षांच्या सवयीने.

कंडक्टर दारातून ओरडला, "चाला मॅडम, बसा लवकर! यानंतर लवकर गाडी नाही बरं!"

"जाऊ द्या," मी म्हटलं. "आमचं बोलणं चालू आहे."

गाडी गेली. धूळ खाली बसली. मी बाकड्यावर बसले, पर्स मांडीवर घेतली आणि वाट पाहत राहिले. घाई केली नाही, शब्द पुरवला नाही, मान हलवली नाही. हे सगळं न करणं माझ्यासारखीला फार जड गेलं.

"र... रविवारी," सर म्हणाले. "तुमच्या साहेबाले घेऊन... माह्या खोलीवर... जे... जेवाले या."

इतक्या वर्षांत शाळेतल्या कोणी त्यांची खोली आतून पाहिलेली नव्हती. आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, फार खवय्ये आहेत, असं काहीबाही मी बोलणार होते. पण सरांचं संपलं नव्हतं. ओठ हलत होते, म्हणून मी गप्प राहिले.

"ता... ताट," ते म्हणाले. "एकच हाय माह्याजवळ. दो... दोन आणतो."

"आणा," मी म्हटलं. "आम्ही येतो."