एक जून एकटाच बेटावर

माझा एक जूनचा वाढदिवस गेल्या वर्षी एकटाच मॉरिशसला जाऊन आला. आमच्या कराडातल्या गल्लीत परदेशी गेलेली पोरं पुष्कळ आहेत, पण वाढदिवस अजून तरी एकच गेलाय, आणि तो माझा आहे.

मला दोन वाढदिवस आहेत. माझ्या वयाच्या बहुतेकांना असतात. पहिला श्रावणातला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाचा. त्याला आम्ही घरात षष्ठी म्हणतो. षष्ठी मोठी लाडकी. कधी जुलैत येते, कधी ऑगस्टात, आली की पाटावर बसते, औक्षण करून घेते, शिरा खाते आणि इकडची काडी तिकडे न करता निघून जाते. दुसरा एक जून. शाळेत नाव घालताना वडिलांना माझी तारीख सांगता येईना, तेव्हा पाटणे गुरुजींनी तो मला दिला. अख्ख्या वर्गाला त्यांनी एक जूनच दिला होता. सगळ्यांचे एक जून एका रांगेत उभे असायचे आणि कुठला कुणाचा ते त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही.

राबला मात्र हाच. मॅट्रिकचा फॉर्म, नर्सिंगचा प्रवेश, सरकारी दवाखान्यातली नोकरी, रेशन कार्ड, बँक, सगळीकडे तो माझ्यापुढे उभा राहिला. मुलीच्या बाळंतपणासाठी मी पासपोर्ट काढला, तोही त्याच्याच जिवावर. पुढे ती बाळंतपणाला इकडेच आली आणि पासपोर्ट कपाटात राहिला. शेवटी मला निवृत्तही त्यानेच केलं. इतकं करून घरात त्याला कुणी 'जेवलास का' एवढंही कधी विचारलं नव्हतं. एक जूनला आमच्याकडे आमटी-भाकरी असायची.

गेल्या एप्रिलात एका सकाळी मी मेथी निवडत बसले होते. एक जून भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरला आणि समोर येऊन उभा राहिला. सगळा जन्म फॉर्मात गेल्यामुळे त्याचं बोलणं सरकारी आहे. मला तो पहिल्यापासून अर्जदार म्हणतो.

"अर्जदारांना विनंती," तो म्हणाला, "की आम्हाला आठ दिवस बाहेरगावी जाण्याची परवानगी मिळावी."

"कुठे निघालास?"

त्याने कॅलेंडराची पानं उलटून जूनचं पान दाखवलं. आमच्या पतसंस्थेच्या कॅलेंडरावर जूनला दरवर्षी तेच चित्र असतं. निळं पाणी, दोन वाकलेले माड आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मॉरिशस.

"बरीच वर्षं या चित्राखाली राहतो आहे," तो म्हणाला. "पाणी प्रत्यक्षात कसं असतं ते पाहावं म्हणतो."

"आणि सोबत कोण?"

"कोणी नाही. आजवर घोळक्यात काढली. सबब, एकट्याने जावं आणि तिथे आपला वाढदिवस करून यावं, असा मानस आहे."

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. घरातून कोणीही कुठेही निघालं तरी रस्ता यांना आधी माहीत असावा लागतो. हे पेपरामागून म्हणाले, "अगं, वाढदिवस असा एकटा कसा सोडायचा? भाषा येत नाही, वळणं माहीत नाहीत. ज्याचा वाढदिवस त्याने बरोबर नको का जायला?"

"माझी सगळी कामं त्याने एकट्याने केली," मी म्हटलं. "तेव्हा कोण होतं त्याच्या सोबतीला? जाऊ दे त्याला."

यांनी पेपर पुन्हा वर धरला. हा यांचा होकार असतो.

स्टँडासमोर वृषाली निकमचं प्रवासी कार्यालय आहे. आम्ही तिघे तिच्यापुढे बसलो. मुलगी हुशार. तिने पासपोर्ट उघडला, एक जूनकडे पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला.

"जन्मतारीख यांचीच आहे, त्यामुळे प्रवास यांना करता येईल," ती म्हणाली. "पण फोटो काकूंचा आहे."

"सदर फोटो नऊ वर्षांपूर्वीचा आहे," एक जून म्हणाला. "तो आता अर्जदारांचाही दिसत नाही."

वृषालीने फोटो पाहिला, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि मुद्दा मान्य केला. मी तो अपमान गिळला. त्याचं काम होत होतं.

मग सवलतीचा विषय निघाला. मी साठी ओलांडली आहे, पण एक जून मला मिळाला तेव्हा मी सहा वर्षांची होते, म्हणजे तो माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. ज्येष्ठ नागरिकांत तो बसेना. तिकीट पूर्ण पडलं. कुरकुर यांनी केली, मी नाही.

"आता एकच," वृषाली म्हणाली. "विमानातून उतरलात की तिथे कार्ड भरून घेतात. नावाच्या जागी एक जून लिहा. जन्मतारखेच्या रकान्यात तुमची लिहायची."

"माझी?"

"तुमचीच. वाढदिवस करायला चाललात ना? कधी असतो?"

एक जूनने पासपोर्टातला तो रकाना उघडून पाहिला. सगळा जन्म त्याने त्याच रकान्यात काढला होता, आणि त्याची स्वतःची तारीख कोणी विचारली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता येईना. गुरुजींनी त्याला कधी लिहिलं? शाळा उघडली त्या दिवशी, सगळ्या वर्गाबरोबर, असंच आम्ही दोघे धरून चाललो होतो. पण शाळा कुठल्या तारखेला उघडली होती ते कोण सांगणार?

"उतरेपर्यंत आठवेल," हे म्हणाले. "घाटात गाडी बंद पडली की सगळं आठवतं."

एक जूनला त्याने आपलं काम केलं. त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या घरांत वयं वाढायची असतात. दोन तारखेला तो निघाला. मी त्याच्या हातावर दही घातलं. शेजारपाजारचे एक जून कठड्याला टेकून उभे होते. सगळ्यांची मान वर होती. यांनी मेव्हण्याची जीप मागून आणली होती. "मुंबईपर्यंत मीच नेणार, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही," असं म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. मला आपल्या माणसाचा अभिमान वाटावा असे प्रसंग आमच्या संसारात मोजके आहेत, त्यातला हा एक.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला विमानतळावर सोडलं आणि दुपारी आम्ही कराडात परत आलो. पैसे काढायचे होते म्हणून मी तशीच बँकेत गेले. काउंटरवर इरफान मुल्ला होता. त्याच्या आईचं बाळंतपण मीच केलं होतं, त्यामुळे तो मला ओळखतो.

"काकू, तुमची जन्मतारीख दिसत नाही," तो स्क्रीनकडे पाहत म्हणाला.

"परदेशी गेलीय."

"कधी येणार?"

"आठ दिवसांनी. तोवर षष्ठी चालेल का?"

"तिथी चालत नाही हो. दरवर्षी हलते, मशीन घेत नाही." त्याने विचार केला. "मग आठ दिवस तुम्हाला वय नाही. आल्यावर या."

मी बरं म्हणून वळणार, तेवढ्यात फोन वाजला. एक जून होता. मला ऐकू कमी येतं म्हणून मी आवाज मोठा ठेवते, त्यामुळे सगळ्या बँकेने ऐकलं.

"अर्जदार, मी उतरलो आहे. कार्ड समोर आहे. सर्व रकाने भरले, एक शिल्लक आहे. साहेब थांबले आहेत. माझ्यामागे मोठी रांग आहे."

"माझ्याही मागे आहे," मी म्हटलं. "थांब जरा."

"न भरल्यास परतीच्या विमानात बसवतील असं कळतं."

आयुष्यात एकदा काहीतरी मागितलं होतं त्याने, आणि ते एका रिकाम्या रकान्यावर अडलं होतं. रांगेतले एक गृहस्थ पुढे झुकून म्हणाले, "अहो, एक जून टाकायला सांगा. सगळे तेच टाकतात."

"ते त्याचं नाव आहे," मी म्हटलं. "गुरुजींनी आम्हाला ठोकून दिलं म्हणून मी त्याला ठोकून देणार नाही."

"काकू, तो दिवस आठवा ना," इरफान म्हणाला. "कोण होतं तिथे? काय झालं?"

मी डोळे मिटले. शाळेची खोली आठवली. वडिलांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले होते. धूळपेरणी उरकून ते थेट मला घेऊन आले होते आणि शहाबादी फरशीवर त्यांची पावलं उमटली होती. गुरुजी चिडले होते. काय म्हणाले होते? 'शाळा उघडून आठवडा झाला, आणि पोरगी आज आणतोस होय रं? आज मिरीग निघाला, घरी जा, कोंबडं खा.' मग त्यांनी लिहिलं. आम्ही घरी गेलो तर आईने खरोखरच कोंबडं केलं होतं. मिरगाला, मृग नक्षत्र निघतं त्या दिवशी, आमच्या गावात घरोघर कोंबडं होतं, हे मला कुठे ठाऊक! मला वाटलं, मी शाळेत जाऊन आले म्हणून माझ्यासाठीच केलंय. पुढची दोन-तीन वर्षं मी तसंच समजत होते.

"सात जून!" मी ओरडले. "लिही, सात जून. मिरगाचा दिवस."

मग तो म्हणाला, आणि या वेळी सरकारी बोलायचं विसरला, "पण वर्ग तर आधीच भरला होता ना?"

"आठवडाभर आधी. बाकीच्यांना त्यांचे एक जून तेव्हाच मिळाले. तू मागाहून झालास."

"म्हणजे त्या दिवशी दुसरा कोणी झाला नाही?"

"कोणी नाही. खोलीत गुरुजी, माझे वडील आणि मी. तू एकटाच."

समुद्रापलीकडे कागदावर पेन कुरकुरलं. मग शिक्का मारल्याचा आवाज आला.

"लिहिलं," तो म्हणाला. "अर्जदार, आज या कार्डावर अर्जदार मी आहे."

बँकेत कोणीतरी टाळी वाजवली. ते गृहस्थ म्हणाले, "सात म्हणजे चार दिवसांवरच आलाय की!" मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. माझी छाती फुगली होती हे मी कबूल करते.

सात तारखेला मी बाजारातून कोंबडा आणला. यांनी आठवण करून दिली की मिरगाला आपल्याकडे कोंबडं दर वर्षीच असतं. मी म्हटलं, दर वर्षीचं मिरगाचं, हे एक जूनचं. चार वाट्या रस्सा शेजारी दिला आणि देताना कशाबद्दल ते सांगितलं. षष्ठी तेव्हा आली नव्हती, पण तिच्या कानावर गेलं असणार, कारण श्रावणात ती जरा घुश्श्यातच आली. संध्याकाळी मी निरांजन लावून ताम्हन तयार केलं आणि एक जूनला फोन केला. फोनवरूनच ओवाळायचा माझा बेत होता.

"आज नको," तो म्हणाला. "आज एकट्याने करतो. औक्षण आल्यावर करावं, ही विनंती."

"बरं. पाणी कसं आहे?"

"कॅलेंडरात आहे तितकं निळं नाही," तो म्हणाला. "पण ओलं आहे. गुडघ्यापर्यंत उभा आहे."

मी निरांजन देवापुढे ठेवलं. हे म्हणाले, "भरती-ओहोटी बघून उभा राहा म्हणावं." मी निरोप दिला.

दहा तारखेला तो परत आला. पाटावर बसवून मी त्याला ओवाळलं, साखर भरवली. यांनी त्याला प्रवासाबद्दल पुष्कळ विचारलं आणि तिथले रस्ते आपल्याला माहीत होते तसेच आहेत असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन बँकेत गेले. इरफानने बटणं दाबली. स्क्रीनवर तारीख उमटली, आणि तो थोडा वाकून बघायला लागला.

"काकू, जन्मतारीख जरा रापलेली दिसते."

"समुद्रावर जाऊन आलाय," मी शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "एकटा. स्वतःच्या वाढदिवसाला."

इरफानने पैसे मोजून दिले. माझ्या मागे माझ्याच वयाच्या एक बाई उभ्या होत्या, हातात पासबुक धरून. त्यांचा एक जून त्यांच्या बाजूला खाली मान घालून उभा होता. बाईंनी आमच्या एक जूनला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या आपल्या एक जूनकडे वळल्या आणि हळूच विचारलं, "जेवलास का रे?"